घरचं माणूस शेवटी

माझी धाकटी जाऊ माझ्याच वॉर्डात उभी राहून माझं काम मोजणार होती. मेट्रनबाईंनी तिला तशी परवानगीही देऊन टाकली होती. आणि हे मला कळलं कुठे, तर घरी, जिन्यात, हातात कचऱ्याची बादली असताना. ती वरून उतरत होती. म्हणाली, "ताई, सोमवारपासून मी तुमच्याकडे आहे. दुपारच्या पाळीला." तुमच्याकडे म्हणजे काय, जेवायला? तर नाही, वॉर्डात. अभ्यासाला.

मी म्हटलं, "ये की." आणि बादली अशी आपटली की झाकण उडून खालच्या पायरीवर जाऊन पडलं.

लोक असल्या गोष्टी आडून आडून सांगतात. मला ते जमत नाही. मी तिच्यावर जळते. ती पहिल्यांदा नोकरीला लागली ती माझ्या हाताखाली. सुई धरली की हात लटलट कापायचे पोरीचे. शीर डोळ्यांनी नाही शोधायची, बोटाने शोधायची, हे तिला मी शिकवलं. धाकट्या दिरासाठी मुली बघत होते तेव्हा "आमच्या वॉर्डात एक आहे, गुणी आहे" असं सासूबाईंना सांगणारीही मीच. माझ्या हाताने मी हिला घरात आणली. मग बाईसाहेबांनी वॉर्ड सोडला, पुढचं शिक्षण घेतलं, कॉलेजात शिकवायला लागल्या, आणि आता पीएचडी. विषय काय, तर परिचारिकांवरचा कामाचा बोजा आणि त्यामुळे रुग्णांच्या देखभालीत काय काय राहून जातं. बोजा म्हणजे काय हे जिला मी दाखवलं, ती आता टॅब घेऊन मला विचारणार होती, ताई, बोजा वाटतो का?

घरी तर तिचं कौतुकच कौतुक. आम्ही खाली राहतो, ती दोघं वर. सासूबाई आमच्यात. त्यांच्या गोळ्या, आंघोळीचं पाणी, पथ्याचं जेवण, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं मी बघते, आणि पाळी सांभाळून बघते. धाकटी संध्याकाळी खाली येते, आईंच्या पलंगावर टेकते, चहा संपेपर्यंत गप्पा मारते आणि वर जाते. एवढंच तिचं. पण आई येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगतात? "धाकटी आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं." मग मी काय रिकामं करते? असं एकदा तोंडावर विचारणार होते. विचारलं नाही, पण कुकरची शिट्टी काढताना हात भाजून घेतला.

मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावून समजावलं. म्हणाल्या, "हे तुमच्याचसाठी चाललंय, सिस्टर. दुपारी दोघीच असता म्हणून तुम्ही किती वर्षं माझं डोकं खाताय. काम राहतं हे आकड्यांत दिसलं, तर मी व्यवस्थापनाकडून दुपारची तिसरी सिस्टर मिळवू शकते. नाही दिसलं, तर ते म्हणतील, जमतंय की यांना." आता तिसरीसाठी मी काय कमी बोंब मारली होती? अर्ज केले, भांडले, एकदा तर रडलेसुद्धा. त्यामुळे डोक्याला सगळं पटलं. पण काम राहतं हे कबूल करायचं कुणापुढे, तर धाकटीपुढे. तिथे डोकं चालत नव्हतं, पोट दुखत होतं.

तिची पद्धत अशी. ती कोपऱ्यात उभी राहणार. ठरलेल्या वेळी कोण काय करतंय याची टॅबवर खूण करणार. पाळी संपताना आम्हा प्रत्येकीला विचारणार, आज काय करायचं राहून गेलं? मग बोलू शकणाऱ्या रुग्णांनाही तेच विचारणार. आणि एक नियम: जिवावर बेतल्याशिवाय तिने कशालाही हात लावायचा नाही. लावला तर तो पलंग अभ्यासातून बाद.

ती यायच्या आदल्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आमचे हे म्हणाले, "दुसऱ्या वॉर्डात ठेवू या. तुला उगाच ताण नको." मी म्हटलं, माझ्याच वॉर्डात ठेवायचं. त्यांना वाटलं माया. होतीही, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला वाटत होतं, बघू दे धाकटीला कोपऱ्यात उभं राहून, आईंची सेवा कशी होते ते. तिने तिच्या सरांना फोन करून विचारलं, घरचं माणूस आहे, वगळू का? सर म्हणाले, सगळे पलंग मोजा आणि नातं आहे ते अहवालात लिहून टाका. मी म्हटलं, "मोज की. माझ्या वॉर्डातला कुठला पलंग मी लपवत नाही."

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. वॉर्डात आपलं कुणी दाखल असलं, की त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचं. कुणी हे लिहून दिलेलं नाही, पण प्रत्येक सिस्टर पाळते. नाहीतर शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक लगेच म्हणतात, हिच्या आईला बरं लगेच पाणी मिळतं. मी तर ही रीत फार कडक पाळते. माझ्याबरोबर दुपारी एक बारकीशी सिस्टर असते, सतत चिवचिव करते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. तिची मावशी दाखल होती तेव्हा मी तिला मावशीच्या पलंगापासून हाताला धरून परत आणलं होतं. आणि या रीतीची दुसरी बाजू अशी, की एखादीचं घरचं माणूस असलं की बाकीच्या त्याला आपणहून हात लावत नाहीत. ताईंच्या सासूबाई आहेत, ताईच बघतील. आपण मधे पडलो तर ताईंना वाटेल, यांचं जमत नाही असं आपल्याला म्हणायचंय. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे.

सोमवारी धाकटी आली. साधी साडी, पायात रबरी चपला, केस वर बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. औषधांच्या कपाटाशेजारी उभी राहिली. आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. अशी पळाले, अशी पळाले की माझं मलाच नवल वाटलं. इंजेक्शनं वेळेच्या आधी. सलाइन संपायच्या आत दुसरी बाटली टांगलेली. रक्तदाब, ताप, लघवीचं माप, सगळं जिथल्या तिथे. ज्या ज्या कामाला तिच्या टॅबवर चौकट असेल असं मला वाटलं, ते ते काम मी तिच्या डोळ्यांसमोर केलं. दोन घास खायलाही बसले नाही.

पाळी संपताना ती जवळ आली. "ताई, आज काय करायचं राहून गेलं?"

"काही नाही."

"रुग्णाला चालवणं, तोंड स्वच्छ करणं, कूस बदलणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं, जवळ बसून बोलणं. यातलं काही?"

"एकदा सांगितलं ना. काही नाही."

तिने खूण केली आणि चिमणीकडे वळली. चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मग तीही म्हणाली, "काही नाही."

कपडे बदलायच्या खोलीत चिमणीला राहवलं नाही. "ताई, खिडकीजवळच्या बाईंना चालवायचं होतं. राहिलं की आपलं. सांगायचं ना."

"मग तू सांगायचंस."

"तुम्ही नाही म्हटल्यावर मी कशी सांगू? म्हणजे तुमचं सगळं झालं आणि माझंच राहिलं, असं दिसेल. आणि ताई, तिसरी सिस्टर मिळायची असेल तर…"

"तिसरी हवी म्हणून मी हिच्यापुढे पदर पसरू? कालपर्यंत हिला पट्टी गुंडाळता येत नव्हती."

चिमणीने पिशवी खांद्याला लावली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपणहूनच म्हणाली, काही नाही. सगळा वॉर्ड असा चकचकीत दिसत होता टॅबवर. तिसऱ्या दिवशी धाकटीच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या आणि मला घरी जाऊन गाढ झोप लागली.

पण एक गोष्ट मला सहन व्हायची नाही. रात्रपाळीची सिस्टर आली, की धाकटीचं मोजणं संपायचं. टॅब पिशवीत जायचा आणि ती एका क्षणात सून व्हायची. आईंच्या उशाशी स्टूल ओढायची, त्यांचा हात हातात घ्यायची, केसांवरून फणी फिरवायची. आई हसायच्या. ऑपरेशन झालेली बाई, कूस बदलताना कळवळणारी, पण धाकटी काहीतरी कानात सांगायची आणि त्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलं, "सून का हो? किती माया करते." आई म्हणाल्या, "हो. डॉक्टर होतेय ती."

मी त्याच बाईंची सलाइन काढत होते. हातभर अंतरावर. मी सून नव्हते, मी सिस्टर होते. चिकटपट्टी जरा जोरात ओढली गेली असावी, कारण त्या बाई आई ग म्हणाल्या.

मग तो गुरुवार आला. सकाळपाळीच्या सिस्टरने पाळी देताना सांगितलं, "ताई, तुमच्या आईंची पाठ खाली जरा लाल दिसतेय. कूस बदलत राहायला हवी." मी म्हटलं, "मी आहे ना." तिने निर्धास्त मनाने पिशवी उचलली.

आणि त्या दिवशी वॉर्डाला काय झालं होतं देव जाणे. आल्या आल्या दोन नवीन रुग्ण. त्यातल्या एकीला दम लागलेला. आयाबाईंना शेजारच्या वॉर्डाने उचलून नेलं, त्या परत आल्याच नाहीत. कोपऱ्यातल्या आजीबाईंनी हातातली सुई ओढून काढली, चादरभर रक्त. डॉक्टरांची फेरी नेमकी तेव्हाच. मी एका हाताने ऑक्सिजन लावत होते आणि दुसऱ्या हाताने फोनवर रक्तपेढीशी भांडत होते. धाकटी कपाटाशेजारी उभी होती आणि तिचं बोट टॅबवर चालू होतं. बघ, म्हटलं. बघून घे. हे तुला पुस्तकात नाही मिळायचं.

आईंच्या पलंगावरून जाताना त्यांनी हात वर केला. "येते, आई." दुसऱ्यांदा गेले तेव्हा पुन्हा केला. "येते हं, जरा थांबा." घरचं माणूस शेवटी, आणि त्यात धाकटी बघतेय, तेव्हा तर शेवटीच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली असेल. चिमणीही दोनदा तिथून गेली. तिला वाटलं, ताई बघतायत.

दिवेलागणीला जरा शांत झालं. दम लागलेली बाई सावरली, डॉक्टर माझ्याकडे बघून "बरं केलंत" म्हणाले. धाकटीच्या कानांवर गेलं असणार, मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. ती आली, रोजचा प्रश्न घेऊन. "ताई, आज तरी. आज काय राहिलं?"

"काही नाही."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग रुग्णांना विचारत विचारत पुढे गेली. मी औषधांची ट्रॉली आवरत होते, पण कान तिकडेच. आईंच्या पलंगाशी ती थांबली.

"आई, आज तुम्हाला काही हवं होतं आणि मिळालं नाही, असं झालं का?"

"नाही ग."

"कूस बदलली कुणी दुपारी? पाठ बघितली?"

"सगळं वेळेवर झालं. मोठी आहे ना इथे."

मोठी आहे ना इथे. अहो, इतक्या वर्षांत या बाईंच्या तोंडून माझ्यासाठी एवढं वाक्य नव्हतं निघालं. आणि निघालं ते कुणासमोर, तर धाकटीसमोर, तेही ती लिहून घेत असताना. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ट्रॉली तिथेच सोडली, स्वच्छ चादर घेतली, आणि धाकटी पुढच्या पलंगाकडे सरकते न सरकते तोच मी आईंचा पडदा ओढून आत गेले. हसतच गेले.

"चला आई, आता तुमची पाळी. कूस करू या."

"राहू दे. दमली असशील. रात्रीची बाई करेल."

मी पांघरूण काढलं आणि वास आला. चादर ओली होती, आणि गार होती. आत्ता ओली झालेली चादर गरम असते. गार चादर म्हणजे बाई तासन्‌तास तशीच पडून आहे, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं.

"कधीपासून?"

"झाला जरा वेळ."

"आई, उशाशी घंटी आहे. वाजवली का नाहीत?"

"तू पळत होतीस ना."

मी त्यांच्या कमरेखाली हात घालून जमेल तेवढं उचललं आणि वाकून पाहिलं. माकडहाडावरची कातडी गेली होती. लिंबाच्या फोडीएवढी जागा, लालभडक, ओलसर. सकाळी नुसती लाल होती. पाळी देताना सांगून गेली होती ती मुलगी मला, आणि मी आहे ना, असं मी म्हटलं होतं.

"ती आत्ता विचारत होती ना तुम्हाला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिला का नाही सांगितलंत?"

"तिला सांगायचं? ती लिहून घेते सगळं." आई छताकडे बघत बोलत होत्या. "तुझ्याच वॉर्डात, तुझ्या पोरींदेखत, माझ्यामुळे तुला तिच्यापुढे कमीपणा? मी नाही आणायची. तुला सोसलं नसतं ते."

मला वाटायचं, या बाईंना मी दिसतच नाही. त्यांना सगळं दिसत होतं. जिन्यातली बादली ऐकू आली असेल, भाजलेला हात दिसला असेल, धाकटी हसवत असताना माझं तोंड कसं व्हायचं तेही दिसलं असेल. आणि माझं तोंड तसं होऊ नये म्हणून म्हातारी ओल्यात पडून राहिली. मला कुणीतरी फाडकन थोबाडीत मारायला हवी होती.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची कूस एकटीने बदलता येत नाही. एकीने पाय आणि उशी सांभाळायची, दुसरीने पाठ. मी चिमणीला हाक मारली. ती टोकाच्या पलंगाशी कुणाचं तरी इंजेक्शन अर्धवट हातात धरून होती. "आले, ताई." पण पडदा सरकला तो धाकटीने सरकवला.

तिने चादर पाहिली. वाकून पाठ पाहिली. टॅब लॉकरवर ठेवला आणि पदर खोचला. "धरते मी. सांगा, कुठून धरू?"

"थांब. हात लावलास तर हा पलंग बाद होईल ना?"

"होऊ दे ताई."

"मग काय उरेल तुझ्याकडे? चार दिवसांचं काही नाही, काही नाही, काही नाही?"

"आई ओल्यात आहेत."

"मला दिसतंय. चिमणी येतेय. तू हात लावू नकोस."

ती तशीच उभी राहिली, हात अर्धे पुढे करून. मग हळू आवाजात म्हणाली, "मला दिसलं होतं, ताई. दुपारपासून इथे कुणी आलं नाही ते. मी खूण केली होती. मला वाटलं, तुम्ही सांगाल. नाहीतर आई तरी सांगतील."

आता हिला काय म्हणायचं? घसा फोडून ओरडावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडाने? तिने तिचा नियम पाळला, मी माझा तोरा पाळला, आणि दोघींच्या मधे म्हातारी भिजली. इतकी वर्षं मी हिच्यापेक्षा वरचढ ठरायला धडपडत होते. त्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या आम्ही दोघी अगदी एका लायकीच्या होतो.

"उचल तो टॅब," मी म्हटलं. "आणि लिही."

चिमणी आली. तिने पाय आणि उशी धरली, मी पाठ धरली. आई कळवळल्या. मी ओली चादर काढत होते, अंग पुसत होते, आणि सांगत होते. आज आईंची कूस बदलायची राहिली. पाठ बघायची राहिली. कोपऱ्यातल्या आजींचं तोंड धुवायचं राहिलं. नवीन आलेल्या बाईच्या मुलाला तिचं काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, तो बाहेर बाकावर बसून आहे. काल साखरेच्या रुग्णाला इंजेक्शन स्वतः कसं घ्यायचं ते शिकवायचं राहिलं, आणि ती तशीच घरी गेली. चिमणी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग तिचीही चिवचिव सुरू झाली. खिडकीजवळच्या बाईंना चालवायचं चारही दिवस राहिलं. परवा एकीचं जेवण गार होऊन तसंच परत गेलं, भरवायला कुणी नव्हतं.

"मोठे, पुरे ग," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आणि ती पुन्हा विचारेल तेव्हा तुम्हीही खरं सांगा."

धाकटी लिहीत होती. मधेच तिने मनगटाने नाक पुसलं. शेवटी विचारलं, "ताई, आधीच्या दिवसांची उत्तरं बदलली तर का बदलली ते लिहावं लागेल. काय लिहू?"

माझ्या तोंडात पटकन आलं ते अहवालात छापण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "लिही की, सिस्टरला लाज वाटत होती."

पुढचं सांगायचं तर, तिसरी सिस्टर मिळाली. उंच आहे, चहा फार पिते, पण हात चालतो तिचा. धाकटीच्या अभ्यासाचं कौतुक झालं. सभागृहात सगळ्यांपुढे तिने वाचून दाखवला. अहवालावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि आम्ही कुठे, तर आभारांच्या एका ओळीत, सगळ्याजणी कोंबून. आईंच्या पाठीची जखमही त्यात होती, पलंगाच्या क्रमांकाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. आणि पोटात दुखलं का? दुखलं. कशाला खोटं सांगू, अजूनही दुखतं. तिला आता सगळीकडून बोलावणं येतं, आणि ती भाषणात मला "माझ्या पहिल्या गुरू" म्हणते, त्याने तर जास्तच दुखतं.

त्या सभेत तिने एक गोष्ट सांगितली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हणे, आमच्या वॉर्डात सगळ्यांत जास्त राहून जाणारं काम औषधाचं नसतं, पट्टीचं नसतं. रुग्णाजवळ बसून बोलणं, ते राहतं. मी शेजारच्या चिमणीला म्हटलं, बसायला वेळ आहे कुणाला.

आई त्याच्या कितीतरी आधी घरी आल्या होत्या. पण त्या वयात पाठीची जखम लवकर भरत नाही, महिने गेले तरी ड्रेसिंग चालूच. ते मी करते, पाळीला निघायच्या आधी. धाकटी पहिल्याच दिवशी खाली आली होती, "ताई, एक वेळचं मी करते." मी म्हटलं, "काही गरज नाही." ती दारात जरा थांबली आणि वर गेली. वाईट वाटलं असेल तिला. वाटू दे. बाकी सगळं घेऊन जा म्हणावं, ही पाठ माझी आहे.

ड्रेसिंगला घाई करून चालत नाही. आईंना कुशीवर करायचं, मागे उशी लावायची, पलंगाच्या कडेला बसायचं. जुनी पट्टी भिजवून सैल होईपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे काय, नुसतं बसून राहायचं. मग त्या काहीबाही बोलतात. त्यांच्या लग्नाआधीचं, त्यांच्या बहिणीचं, मामंजींना घोरण्यावरून बोललं की ते कसे रुसायचे ते. मला यातलं काही माहीत नव्हतं. धाकटीला सगळं पाठ असणार.

काल पट्टी काढली तर खाली छान गुलाबी कातडी आलेली. मी म्हटलं, "आई, भरत आली. आठवडाभरात ड्रेसिंग बंद."

मी नवी पट्टी लावली. मग भिंतीकडे तोंड असतानाच त्या म्हणाल्या, "म्हणजे मग तू बसायची नाहीस."

"गप्प पडा हो जरा," मी म्हटलं, "हलू नका. चिकटपट्टी नीट बसत नाहीये."

चिकटपट्टी केव्हाच बसली होती.